दिशेचा रकाना

दत्तवाडीत, तिसऱ्या मजल्यावर,
जेवणाचं टेबल पुसून
आम्ही खाडी पसरतो.
दाभोळ ते गोवळकोट,
ड्रॉइंगचे दोन ताव चिकटपट्टीने जोडलेले.
कागद उडू नये म्हणून मध्ये मिठाची बरणी,
जी भाऊंच्या ताटाजवळ हल्ली येत नाही.

हेमांग भरतीची वेळ मोबाइलवर काढतो,
मी बोटांवर.
तिथीची पाऊणपट, माझे वडील सांगायचे:
अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा,
आणि वर गोवळकोटला त्याहून तासभर मागे,
कारण पाण्यालाही चढ लागतो.
वीस मिनिटांचा फरक पडला.
हेमांग मोबाइलच्या बाजूने.
फोनवरचा अब्बास तांडेल माझ्या.

मुक्ताचा एकच प्रश्न: मगरी किती?
तांडेल म्हणाला, मोजल्या नाहीत,
त्यांनी आम्हाला मोजलंय.

भाऊ काही बोलत नाहीत.
डाव्या हाताची फुगलेली शीर बाहीखाली,
समोर वाटीभर पाणी. दुपारपर्यंत पुरवायचं.
एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात
मुठेची नोंद ठेवली त्यांनी:
तारीख, वेळ, पातळी, विसर्ग.
रात्री दोनला बॅटरी घेऊन पट्टी वाचली,
इतके क्युसेक सोडले, पुलावरून माणसं हटवा.
त्यांची नदी आली आणि गेली,
कधी मागे वळली नाही.

उलटी वाहते म्हणतेस? लग्न होऊन आले तेव्हा
त्यांनी मला विचारलं होतं,
आणि हसले होते,
सूनबाई नवीन आहे, असू दे, अशा बेताने.

आता त्यांचंच पाणी मोजतात.
मंगळवार, गुरुवार, शनिवार,
चार तास मशीन,
परवा दोन लिटर सातशे काढलं.
घरी येऊन त्यांनी तो आकडा
स्वतःच्या अक्षरात डायरीत उतरवला
आणि खाली सही केली.

तर टेबलावर वेळापत्रकं दोन.
दिवाळीची अमावास्या, छान उधाण,
पण गुरुवारी.
त्या रविवारी तृतीया, भरती सव्वादोनला,
परतीला काळोख, आणि तांडेल नाही म्हणतो.
मग येतो भांग. भांगाच्या पाण्यात
वरच्या गाळावर होडी टेकते,
तीत माणसं बसून राहतात, लग्नात मानपान चुकल्यासारखी.
कार्तिकी पुनव शुक्रवारी,
दोन मशीनांच्या मध्ये चिमटलेली.
हेमांगने पेन्सिल ठेवली.
आपण पानशेतला जाऊ, म्हणाला. होडी तिथेही असते.

तेव्हा भाऊंनी कालनिर्णय स्वतःकडे ओढलं,
चष्मा कपाळावर नेला,
मार्गशीर्षावर बोट फिरवलं.
दत्तजयंती. रविवार.
शनिवारी मशीन लवकरचं मागू,
दुपारी निघू, ताम्हिणीत थांबायचं नाही,
मंगळवारी सातला मी परत खुर्चीत.

मी मोजलं. सव्वाअकरा.
आठला दाभोळ सोडलं तर भरती पाठीशी,
साडेबाराला गोवळकोट,
पाणी उतरायला लागलं की त्याच्याबरोबर खाली,
ऊन असेतो घरी.
सासूबाई म्हणाल्या, माझा उपास त्या दिवशी,
साबुदाणा घेईन डब्यात. आणि मगरींना काय?

वर जाताना वल्हवावं लागत नाही?
नाही भाऊ. पाणीच नेतं.
ते गप्प झाले.
वाटीतलं अर्धं पाणी प्यायले, उरलेलं झाकलं.

रात्री उठले तर दिवा त्यांच्या खोलीत.
जुन्या खात्याच्या वहीचं कोरं पान,
पट्टीने आखलेलं:
तारीख, वेळ, पातळी, विसर्ग,
आणि उजवीकडे, पहिल्यांदाच,
एक अरुंद रकाना.
दिशा.

खिडकीखाली मुठा,
जलपर्णीखालून, नेहमीच्याच बाजूला.
त्यांनी एकदा वाकून पाहिलं तिच्याकडे,
खात्री करून घ्यावी तसं.